एकटा निघालेला प्रवासी व वाटेवर भेटलेले बंधु

मननार्थ शास्त्रपाठ : प्रेषितांचीं कृत्यें २८ : ११–१६; रोमकरांस पत्र १६ : १–१६



आमच्या खेड्यांतील मंडळ्यांत केव्हां केव्हां असा प्रसंग येतो कीं, मंडळींतील एखादा तरुण किंवा एखादी तरुणी दूरदेशीं भरणाऱ्या विद्यार्थ्यांच्या परिषदेस जावयास निघते. नारायणगांवच्या किंवा मंचरच्या एस. टी. स्थानकावर घरचीं माणसें पोंचवावयास येतात. आई भाकरी व लसणाची चटणी फडक्यांत बांधून देते, बाप कागदपत्रें पुनःपुन्हां तपासावयास सांगतो, पाळक डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करितात, आणि गाडी पुण्याच्या वाटेस लागली म्हणजे मागें राहणाऱ्यांच्या व पुढें जाणाऱ्याच्याही मनांत एकच प्रश्न उभा राहतो : तेथें आपलें असें कोण आहे?

हा प्रश्न हलका नव्हे. जुन्नरच्या बाजारांत दहा पावलें टाकलीं कीं ज्यास दोघे ओळखीचे भेटतात, त्यास परदेशांत सबंध दिवसांत आपलें नांव नीट उच्चारणारा एकही मनुष्य भेटत नाहीं. इंग्रजी बोलतांना जीभ अडखळते. घोडेगांव कोठें आहे हें सांगूं गेल्यास आधीं पुणें व मग मुंबई सांगावी लागते, तेव्हां कोठें ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर ओळख उमटते. अशा वेळीं मनांत दोन मोह उत्पन्न होतात. एक, आपण येथले नव्हों असें म्हणून कोंपऱ्यांत बसावें. आणि दुसरा, आपण खेड्यांतले नव्हों असें दाखवावें. या दोहोंपासून सुटण्याचा मार्ग शास्त्रांत कोठें आहे, याचा आज आपण विचार करूं.

पौल रोमास निघाला तो स्वेच्छेचा प्रवासी म्हणून नव्हे, तर बंदिवान म्हणून. लूक व अरिस्तार्ख हे त्याच्या बरोबर होते हें खरें; तथापि वादळ, जहाजाचा नाश व मिलिता बेटावरील हिवाळा सोसून तो ज्या नगराकडे चालला होता, तें त्यानें पूर्वीं कधीं पाहिलें नव्हतें. तो येत आहे हें वर्तमान रोमांतील बंधूंस कळलें आणि ते त्यास भेटावयास बाहेर निघाले. कांहीं तीन उतारशाळांपर्यंत आले, तर कांहीं त्याहून पुढें अप्पियाच्या पेठेपर्यंत आले. ही पेठ रोमापासून सुमारें ६५ किलोमीटर दूर होती. वाचकांनीं असें मनांत आणावें कीं, नारायणगांवचीं कांहीं माणसें पूर्वीं कधीं न पाहिलेल्या एका बंदिवान पाहुण्यास आणावयास निघालीं, आणि मंचर, राजगुरुनगर व चाकण हीं मागें टाकून त्याच्याही पुढें गेलीं. लूक सांगतो कीं, त्यांस पाहून पौलानें देवाचे आभार मानिले व त्यास धैर्य आलें. ज्याचा धीर वादळानें खचला नाहीं, त्यासही बंधूंचे चेहरे पाहून नवें धैर्य प्राप्त झालें, ही गोष्ट ध्यानांत धरण्याजोगी आहे. मित्रांची गरज वाटणें हें अविश्वासाचें लक्षण नव्हे. या वृत्तांतांत आमच्यासाठीं तीन बोध आहेत.

१. जाणाऱ्याच्या पुढें प्रेम पोंचलेलें असतें

रोमचे बंधु एवढ्या दूर कां आले? कारण पौल येण्याच्या पूर्वीं त्याचें पत्र आलें होतें. त्या पत्राच्या सोळाव्या अध्यायांत त्यानें वीसहून अधिक माणसांस नांवानिशीं सलाम सांगितला आहे. पुष्कळ वाचक हा अध्याय केवळ नांवांची यादी समजून सोडून देतात. परंतु परक्या नगराचें दार पौलास याच यादीनें उघडलें.

असेंच एक पत्र आपल्या महाराष्ट्रांतूनही गेलें होतें. गोपाळराव जोशी यांनीं आपली पत्नी आनंदीबाई हिच्या शिक्षणासाठीं कोल्हापुराहून मिशनरी लोकांकडे साहाय्य मागितलें. कोल्हापुरास पुष्कळ वर्षें राहून अमेरिकेस परतलेले रॉयल वाइल्डर यांनीं तो पत्रव्यवहार आपल्या मिशनविषयक नियतकालिकांत छापिला. त्यांच्या उत्तराचा रोख असा होता कीं, या दांपत्यानें आधीं ख्रिस्ती व्हावें; आणि साहाय्य कांहीं मिळालें नाहीं. परंतु न्यू जर्सींतील रोझेल येथें राहणाऱ्या थिओडिशिया कार्पेंटर नांवाच्या बाई १८८० सालीं दंतवैद्याकडे आपली पाळी येण्याची वाट पाहत बसल्या असतां तो अंक त्यांच्या हातीं पडला. त्यांनीं आनंदीबाईस पत्र लिहिलें. उत्तर आलें, पुन्हां पत्र गेलें. आणि एकमेकींचें तोंडही न पाहतां त्या दोघी मावशी व भाची झाल्या. १८८३ च्या एप्रिलांत आनंदीबाई कलकत्त्याहून जहाजावर चढल्या, तेव्हां त्यांचें वय १८ वर्षांचें होतें व घरचें कोणीही बरोबर नव्हतें. न्यूयॉर्कच्या बंदरावर त्यांस घेण्यास कार्पेंटरबाई आल्या होत्या. अप्पियाची पेठ ती हीच.

पुढें फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयांत आनंदीबाईंस देशोदेशींच्या सोबतिणी मिळाल्या. १८८५ च्या ऑक्टोबरांत काढलेल्या एका प्रसिद्ध छायाचित्रांत त्या जपानच्या ओकामी केइ व सिरियाच्या सबात इस्लांबूली यांच्याबरोबर आहेत. तिघींनींही आपापल्या देशाचा पोशाख केलेला आहे. कोणीही दुसरीसारखें दिसण्याचा यत्न केलेला नाहीं, आणि तरी तिघी एकत्र आहेत. मार्च १८८६ मध्यें आनंदीबाईंस पदवी मिळाली, तेव्हां पंडिता रमाबाई त्या समारंभास इंग्लंडाहून आल्या होत्या. फेब्रुवारी १८८७ मध्यें पुण्यास त्यांचा अंत झाला. त्यांची रक्षा कार्पेंटरबाईंकडे पाठविण्यांत आली, आणि त्या बाईंनीं ती आपल्या कुटुंबाच्या स्मशानभूमींत ठेविली.

बंधूंनो, आम्हां ख्रिस्ती म्हणविणारांनीं येथें थोडें थांबावें. आनंदीबाई शेवटपर्यंत हिंदूच राहिल्या. ज्यांनीं अट घातली त्यांच्या हातून त्यांस मदत झाली नाहीं; जिनें अट घातली नाहीं तिनें त्यांस घर दिलें. मैत्री हें आमिष नव्हे. आमची मुलें परिषदेस जातील तेव्हां त्यांनीं ख्रिस्ताची साक्ष मोकळ्या मनानें द्यावी. परंतु ज्यास साक्ष द्यावयाची तो ऐकेल तरच तो आपला मित्र, असा सौदा करूं नये. प्रभूनें आम्हांवर प्रीति केली ती आम्ही त्याचे झाल्यावर नव्हे, आम्ही पापी असतांनाच केली.

त्याच वाइल्डर घराण्यांतील रॉबर्ट हा मुलगा १८६३ सालीं कोल्हापुरास जन्मला. प्रिन्स्टन येथें शिकत असतां तो व त्याची बहीण ग्रेस घरांत एकत्र प्रार्थना करीत असत कीं, विद्यार्थ्यांतून देवाच्या सेवेस माणसें निघावींत. १८८६ च्या जुलईंत मॅसॅच्युसेट्समधील माउंट हर्मन येथें मूडीसाहेबांच्या निमंत्रणावरून ८९ महाविद्यालयांतील २५१ विद्यार्थी जमले. तेथें एका सभेंत दहा निरनिराळ्या राष्ट्रांच्या किंवा वंशांच्या वतीनें तरुणांनीं भाषणें केलीं, आणि सभा उठण्यापूर्वीं १०० विद्यार्थ्यांनीं परदेशांत सेवा करण्याचा निश्चय केला. पुढें १८९५ सालीं स्वीडनांतील वाड्स्टेना येथें जॉन मॉट व त्यांचे सोबती यांनीं जागतिक विद्यार्थी ख्रिस्ती संघ स्थापिला, आणि योहान १७ : २१ मधील प्रभूची प्रार्थना, कीं सर्वांनीं एक व्हावें, हेंच त्याचें ब्रीद ठरलें. रॉबर्ट त्या सभेस गेला, बहीण गेली नाहीं; परंतु सभेचा आरंभ तिच्या गुडघ्यांपाशीं झाला होता. ज्या मंडळींतून तरुण निघतो, त्या मंडळीचें काम एस. टी. स्थानकावर संपत नाहीं, हें यावरून समजावें.

२. मैत्री मानाच्या आमंत्रणाची वाट पाहत नाहीं

आतां आमचा एक दोष वाचकांपुढें कबूल करितों. विद्यार्थिदशेंत आम्ही एका आंतरराष्ट्रीय विद्यार्थी परिषदेस एकटेच गेलों होतों. पहिल्या संध्याकाळीं भोजनगृहांत ताट हातीं घेऊन उभे राहिलों. प्रत्येक मेजाभोंवतीं कोंडाळें जमलें होतें. कोणीं या म्हटलें नाहीं. आम्ही ताट घेऊन आपल्या खोलींत गेलों व एकटेच जेवलों. दुसऱ्या दिवशींही तसेंच केलें, आणि वर मनांत इतरांस दोष दिला कीं, हे लोक प्रीतीवर व्याख्यानें देतात, परंतु परक्यास बसावयास जागा देत नाहींत.

तिसऱ्या दिवशीं भांडीं घासण्याची पाळी आमच्या गटाची आली. आफ्रिकेंतून आलेला एक विद्यार्थी पाण्याचें जड भांडें एकटाच उचलीत होता. आम्हीं दुसरी कडी धरिली, एवढेंच. भांडीं घासतां घासतां त्यानें सांगितलें कीं, तोही दोन दिवस ताट घेऊन आपल्या खोलींत जात असे. आमच्या खोल्या शेजारीं शेजारीं होत्या. मधली भिंत गवंड्यानें बांधिली होती. परंतु तिच्याहून जाड भिंत आम्हीं दोघांनीं आपल्या मानानें बांधिली होती. त्या दिवशीं त्यानें आमचें नांव पांच वेळां उच्चारून बरोबर करून घेतलें, व आम्हीं त्याचें. शेवटल्या दिवशीं सर्वांनीं आपापल्या भाषेंत एकदम प्रभूची प्रार्थना म्हटली, तेव्हां आम्ही मराठींत व तो त्याच्या भाषेंत बोललों, आणि आमेन मात्र दोघांचें एकच निघालें.

हाच बोध आमच्या जुन्नरच्या डोंगरांत दोन हजार वर्षांपूर्वींच्या सुमारास खोदला गेला आहे. कोंकणांतील बंदरांवरून नाणेघाट चढून व्यापारी येथें येत असत. त्यांत यवन म्हणून ओळखलेले परकेही होते. येथल्या लेण्यांत त्यांपैकीं तिघांचीं नांवें आहेत : इरिल, चिट व चंद. इरिलानें पाण्याचीं दोन टाकीं दिलीं, चिटानें भिक्षुसंघास भोजनमंडप दिला, आणि चंदानें लेण्याच्या गर्भद्वाराचें काम करविलें. हे लेख येथल्या ब्राह्मी लिपींत व येथल्या प्राकृत भाषेंत आहेत. त्यांचा धर्म आमचा नव्हे, आणि त्यांच्या दानाचें पुण्य किती याचा हिशेब आम्हांस करावयाचा नाहीं. परंतु परका मनुष्य परक्या भूमींत आपला कसा होतो, हें ते दाखवितात. कोणीं आम्हांस पाणी द्यावें अशी वाट न पाहतां त्यांनीं पाण्याचें टाकें दिलें. आम्हांस पंक्तीस बसवा असें न म्हणतां पंक्तीसाठीं मंडप दिला. आणि बोलले तें येथल्या लोकांस समजेल अशा भाषेंत बोलले.

याची दुसरी बाजूही आहे. जो यजमान आहे, ज्याच्या हातीं पैसा व अधिकार आहे, त्यानें केवळ देऊन भागत नाहीं. तमिळ प्रांतांत जन्मलेले व्ही. एस. अजरय्या हे १९०७ सालीं टोकियो येथें जागतिक विद्यार्थी ख्रिस्ती संघाच्या परिषदेस गेले होते. १९१० सालीं एडिंबरो येथील मिशनरी परिषदेंत ते भाषणास उभे राहिले. परदेशी मिशनरींनीं आपलें द्रव्य दिलें, आपला देहही झिजविला, हें त्यांनीं कृतज्ञतेनें मान्य केलें. परंतु हिंदी ख्रिस्ती लोकांस पंक्तीस बरोबरीनें बसणारे मित्र हवे आहेत, असें त्यांनीं स्पष्ट सांगितलें. तें भाषण सभेंतील कित्येकांस रुचलें नाहीं. तरी आज त्या परिषदेचें नांव निघालें कीं त्याच भाषणाची आठवण होते. उपकार वरून खालीं येतो, मैत्रीस समान भूमि लागते. आमच्या तरुणांनीं परिषदेंत मान वांकवून बसूं नये व ताठही होऊं नये. समान भूमीवर उभे राहावें, कारण ती भूमि ख्रिस्तानें वधस्तंभाच्या पायथ्याशीं सर्वांसाठीं सपाट केली आहे.

३. परिषद घरच्या उंबऱ्यावर संपत नाहीं

परिषद संपते, मित्र पांगतात. मग तें ऐक्य राहतें कोठें? नारायणगांवाजवळ खोडद येथें आकाशांतील रेडिओलहरी ऐकणारी मोठी दुर्बीण आहे. डॉ. गोविंद स्वरूप यांच्या पुढाकारानें ती उभारली गेली. ४५ मीटर व्यासाच्या तिच्या ३० तबकड्या आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांनीं पाहिल्या असतील. त्यांपैकीं १४ मध्यभागीं जवळजवळ आहेत. बाकीच्या तीन दिशांस शेतांतून दूरवर पसरल्या आहेत, आणि त्यांतील कांहींत २५ किलोमीटरांपर्यंत अंतर आहे. एखाद्या गांवाच्या शिवारांत एकट्या उभ्या असलेल्या तबकडीकडे पाहून कोणास वाटेल कीं, ही बिचारी येथें टाकून दिलेली आहे. परंतु सर्वांचें तोंड एकाच ताऱ्याकडे असतें, आणि प्रत्येकीनें ऐकलेलें एका ठिकाणीं नेऊन जुळविलें म्हणजे जें एकटीस कधीं दिसलें नसतें तें सर्वांस मिळून दिसतें. त्या दूर आहेत म्हणूनच त्यांस बारीक दिसतें. ख्रिस्ताच्या मंडळीचेंही असेंच आहे. आंबेगांवच्या डोंगरांतील विद्यार्थी व आफ्रिकेंतील विद्यार्थी आपापल्या शिवारांत परत गेले, तरी दोघांचें तोंड एकाच प्रभूकडे असेल तर ते वेगळे झाले नाहींत.

मात्र त्याची कसोटी घरीं लागते, आणि येथें आम्हांस दुसरा दोष कबूल करणें भाग आहे. परिषदेहून परत आल्यावर रविवारीं मंडळीपुढें आम्हीं जगाच्या बंधुत्वाविषयीं तासभर भाषण केलें. त्याच आठवड्यांत कांदाकाढणीस पश्चिमेकडील डोंगरपट्ट्यांतून आलेलें एक आदिवासी कुटुंब आमच्या दारीं पाणी मागावयास आलें. आम्हीं आंतूनच बोटानें बाहेरचा नळ दाखविला, व पुन्हां परिषदेचीं छायाचित्रें पाहत बसलों. आई उठली. तिनें माठांतलें पाणी तांब्यांत घेतलें, त्यांस ओट्यावर बसविलें, आणि गांव कोणतें, पोरीचें नांव काय, असें विचारूं लागली. आम्हांस ती एक शब्दही बोलली नाहीं. जी बाई कोणत्याही परिषदेस गेली नव्हती तिनें परिषदेचें काम केलें. आणि ज्यानें सात समुद्रांपलीकडच्या बंधूचें नांव पांच वेळां घोकलें, त्यास दारींच्या बंधूचें नांव विचारावेंसेंही वाटलें नाहीं.

आमच्या भागांत परकेपण म्हणजे काय हें शिकविण्याची गरज नाहीं. ज्या गांवाच्या नांवानें आंबेगांव तालुका ओळखला जातो, तें गांवच डिंभे धरणाच्या पाण्याखालीं गेलें. त्या खोऱ्यांतून उठलेल्या कुटुंबांस नवीन गांवांत पहिल्या दिवशीं विहिरीवर उभें राहणें किती जड गेलें असेल! इस्राएल लोकांस देवानें हेंच स्मरण दिलें कीं, तुम्हीही मिसर देशांत परके होतां, म्हणून परक्यावर प्रीति करा (लेवीय १९ : ३४). आणि न्यायाच्या दिवशीं प्रभु आम्हांस कोणत्या परिषदेस गेलां होतां असें विचारणार नाहीं. परका असलेल्या मला तुम्हीं घरांत घेतलें कीं नाहीं, हेंच तो विचारील (मत्तय २५).

यास्तव दोन गोष्टी सुचवून आम्ही हें प्रवचन पुरें करितों.

तरुण बंधो, तरुण भगिनी, तूं जाशील तेव्हां पहिल्याच जेवणाला ताट घेऊन खोलींत जाऊं नको. जो एकटा बसला आहे त्याच्याजवळ जाऊन बस. त्याचें नांव बरोबर म्हणावयास शीक. आपल्या गांवाची लाज धरूं नको व त्याची खोटी थोरवीही सांगूं नको. आपल्याच प्रांतांतील माणसें भेटलीं तर आनंद कर, परंतु सर्व वेळ त्यांच्यातच घालवूं नको. परत येतांना पांच नांवें घेऊन ये, आणि त्यांस वर्षभर पत्र पाठवीत जा.

आणि मंडळीच्या वडीलजनांनो, तुमचें मूल गेलें असतां प्रत्येक रविवारीं त्याचें नांव घेऊन प्रार्थना करा, व तसें त्यास कळवा. तें परत आलें म्हणजे त्याच्या विमानाची हकीकत थोडी ऐका, त्या पांच नांवांची अधिक ऐका; आणि तींही आपल्या प्रार्थनेंत घ्या. त्याच रविवारीं आपल्या गांवीं मजुरीस आलेल्यांपैकीं एका तरी कुटुंबाचें नांव विचारून या. मग आमच्या या लहान मंडळ्या रोमच्या बंधूंप्रमाणें वाटेवर चालत निघतील, आणि कोणीतरी थकलेला प्रवासी त्यांस पाहून देवाचे आभार मानील व धैर्य पावेल.

प्रार्थना : हे प्रभो, ज्यास डोकें टेकावयास जागा नव्हती असा तूं आम्हांमध्यें परका होऊन आलास. आमच्या एकट्या निघालेल्या लेकरांच्या पुढें तूं जा. त्यांस मित्र दे, आणि त्यांस इतरांचे मित्र कर. आमच्या दारीं तूं तहानेला उभा राहशील तेव्हां आम्ही तुला ओळखूं असें कर. आमेन.